उघडता येते तेच आपले

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत जो पहिला संगणक आला, तो बहुधा कुठल्या नामांकित कंपनीचा नव्हता. तो ‘असेंबल्ड’ होता. या शब्दाला आपल्याकडे तेव्हा एक खास वजन होते. शेजाऱ्याने ‘कोणता घेतला?’ असे विचारले की ‘असेंबल्ड’ एवढे एकच उत्तर पुरे होई. त्यात चार पैसे वाचवल्याचे समाधान असे, आणि ओळखीच्या मुलाने जोडून दिल्याचा विश्वासही असे. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठावा लागे. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणकवाल्यांच्या तोंडी तो कायम लॅमिंग्टन रोडच राहिला. एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून हार्डडिस्क, तिसऱ्यातून कॅबिनेट, आणि सगळे पिशवीत घालून लोकलने घरी. पुढे दोन-तीन वर्षांनी यंत्र रखडू लागले की नवे यंत्र घेण्याचा विचार कोणी करीत नसे. रॅम वाढवली जाई, फार तर हार्डडिस्क बदलली जाई, आणि संसार पुढे चालू.

हे शक्य होते, कारण भागांची मापे ठरलेली होती. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तो बाजारात मिळणारे इतर उत्पादकांचे भाग वापरून. त्यामुळे त्याच्यासारखी यंत्रे बनवणारे पुढे अनेक निघाले. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे प्रमाण जाहीर केले. मदरबोर्डच्या स्क्रूंची भोके कुठे असावीत, वीजपुरवठ्याची जोडणी कशी असावी, हे त्यात ठरले. म्हणूनच एका कारखान्यातला बोर्ड दुसऱ्याच कारखान्यातल्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसत असे. सायकलच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊकच होते. चाक, चेन, पेडल, काहीही बदला. सायकल तीच राहते.

लॅपटॉप आला आणि हा सगळा व्यवहार संपला. लॅपटॉपच्या प्रत्येक मॉडेलचा बोर्ड निराळ्या आकाराचा, पंखा निराळा, बॅटरी निराळी. यंत्र जसजसे सडपातळ होत गेले, तसतसे एकेक भाग बोर्डाला कायमचा चिकटत गेला. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीनंतर लॅपटॉपचे प्रोसेसर सॉकेटमधून काढता येण्याजोगे राहिले नाहीत. नंतर अनेक पातळ मॉडेलांत रॅमही सोल्डर होऊन आली. आज आपण लॅपटॉप घेतो तो फ्रिज घ्यावा तसा: रंग पाहून, सवलत पाहून, हप्ते विचारून. आत काय आहे हे खोक्यावरच्या चिठ्ठीवर वाचायचे, आणि काही बिघडले तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मान खाली घालून उभे राहायचे.

अशा काळात ‘असेंबल्ड’ हा विसरलेला शब्द घराघरांतली विशी-बाविशीची मुले नव्या नावाने पुन्हा उच्चारू लागली आहेत. ते नाव आहे ‘बेअरबोन’. शब्दशः अर्थ घेतला तर नुसता सांगाडा. बेअरबोन लॅपटॉप म्हणजे कवच, पडदा, कीबोर्ड, पंखे, बॅटरी आणि मदरबोर्ड एवढे तयार मिळते. प्रोसेसर आणि खेळांसाठी लागणारी ग्राफिक्स चिप बोर्डावर आधीच बसवलेली असते. रॅम, माहिती साठवणारी एसएसडी, कधी कधी वाय-फायचे कार्ड आणि विंडोजसारखी प्रणाली मात्र आपली आपण आणायची. असे सांगाडे बनवणाऱ्यांत तैवानची क्लेव्हो ही १९८३ साली स्थापन झालेली कंपनी जुनी. तिचे नाव झाकणावर सहसा दिसत नाही. जर्मनीतल्या ऑग्सबर्गची टक्सेडो किंवा अमेरिकेतल्या डेन्व्हरची सिस्टिम ७६ यांसारख्या कंपन्या असे सांगाडे घेऊन, त्यांत भाग भरून, स्वतःच्या नावाने विकत आल्या आहेत. म्हणजे ‘असेंबल्ड’चा धंदा जगात चालूच होता, आपल्या नजरेआड होता इतकेच.

आमच्या घरात हा विषय माझ्या भाच्याने आणला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासासाठी लॅपटॉप हवाच होता. त्याला तो खेळांसाठीही हवा होता, आणि हे त्याने लपवले नाही. दुकानातला सांगाडा इथे सहजी मिळेना, तेव्हा जर्मनीत शिकणाऱ्या मावसभावाला त्याने तो आणायला सांगितला. ताईचा आक्षेप सरळ होता. ‘एक तर खेळायला लॅपटॉप, आणि तोही अर्धवट? पूर्ण पैसे देऊन अर्धी वस्तू कोण घेतं?’ भाचा म्हणाला, ‘मामा, तूच सांग तिला.’ मग मामाला या प्रकरणात लक्ष घालणे भाग पडले.

प्रथम पैशांचे बोलू, कारण या विषयात सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. सांगाडा आणून जोडला की लॅपटॉप स्वस्तात पडतो, अशी अनेकांची समजूत असते. आम्ही वहीच्या मागच्या पानावर सगळा हिशेब मांडला. सांगाडा, रॅम, एसएसडी, विंडोजचा परवाना, छोट्या स्क्रू ड्रायव्हरचा संच. बेरीज त्याच ताकदीच्या तयार लॅपटॉपपेक्षा तीन-चार हजारांनी जास्तच झाली. यात आश्चर्य काही नाही. मोठी कंपनी लाखांच्या संख्येने चिप आणि पडदे विकत घेते. आपण एक घेतो. तिला जो भाव मिळतो तो आपल्याला कोण देणार? दिवाळीच्या सवलतींत तर तयार लॅपटॉप आणखी खाली येतो.

त्यात रॅमच्या बाजाराची भर. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची एवढी मागणी केली, की घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीपलीकडे गेले. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले. सांगाड्यात नेमकी रॅमच आपल्याला भरायची असते, त्यामुळे हा फटका तयार लॅपटॉप घेणाऱ्याआधी जोडणाऱ्याला बसतो. तेव्हा कोणी मुलगा ‘बाबा, वीस हजार वाचतील’ असे सांगत असेल, तर त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवसाच्या बिलात सापडत नाही, ते तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाच्या खर्चात सापडते. खेळ दर वर्षी जड होत जातात. जागा कमी पडते, रॅम कमी पडते. ज्याने आपल्या हाताने रॅम बसवली, तो ती आपल्या हाताने बदलतो. बॅटरी दमली तर तिचा क्रमांक पाहून नवी मागवतो. सांगली-लातूरसारख्या ठिकाणी याचे मोल अधिक. विशिष्ट कंपनीचा विशिष्ट बोर्ड तिथे मिळणार नाही. पण ठरलेल्या मापाची रॅम आणि एसएसडी स्टेशन रोडवरच्या संगणकाच्या दुकानातही मिळते. तयार वस्तू पहिल्या दिवशी स्वस्त असते, उघडता येणारी वस्तू शेवटच्या दिवसापर्यंत स्वस्त पडते. हा हिशेब आपल्या आज्यांना ठाऊक होता. पितळेचे भांडे त्यांनी महाग म्हणून टाळले नाही. कल्हई करून ते पुन्हा वापरता येते, हे त्या जाणून होत्या.

जोडणीचे काम प्रत्यक्षात किती अवघड? आमच्याकडे ते जेवणाच्या टेबलावर झाले आणि दीड तासात आटोपले. जाणकारांनी घालून दिलेला क्रम साधा आहे. हात आधी धातूच्या वस्तूला लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मागचे स्क्रू काढायचे. ते सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्याच्या जागी ठेवायचा. झाकण निघाले की सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवायची. रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ करून बसतात. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर करायचा नाही. एसएसडी म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी च्युइंगमच्या पट्टीसारखी वस्तू. ती खोबणीत सरकवून एका स्क्रूने धरायची. एवढे झाले की झाकण बंद.

त्यानंतर सुरू करताच पडदा काळा राहिला. पंखा फिरतो आहे, दिवा लागला आहे, पडद्यावर काही नाही. ताईने माझ्याकडे पाहिले. भाचा मात्र घड्याळाकडे पाहत होता. नव्या डीडीआर-५ रॅमशी बोर्डाची ओळख व्हायला पहिल्या वेळी काही मिनिटे लागू शकतात, हे त्याने वाचून ठेवले होते. चौथ्या मिनिटाला अक्षरे उमटली. त्या चार मिनिटांत जो धीर त्या मुलाने दाखवला, तो मला कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाचा वाटला. घाबरून बटण दाबत सुटणारी माणसे सर्वत्र आहेत; कारण ठाऊक असल्यामुळे शांत बसणारी थोडी.

इथे कोणी म्हणेल, चार स्क्रू फिरवले आणि दोन पट्ट्या खोचल्या, यात विद्या ती कोणती? आक्षेप खरा आहे. लॅपटॉपचा जीव ज्या दोन चिपांत असतो, त्या आपण बसवलेल्याच नसतात. ग्राफिक्स चिप बोर्डाला सोल्डर केलेली; ती आज जी घेतली तीच शेवटपर्यंत. लॅपटॉपची ग्राफिक्सही बदलता यावी म्हणून २००४ मध्ये एनव्हिडियाने ‘एमएक्सएम’ नावाचे प्रमाण आणले होते. पण ते सर्वांनी उचलले नाही आणि घरगुती लॅपटॉपमधून मागे पडले. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये स्वतः जोडायचा लॅपटॉप आणला, सोबत खोक्यात स्क्रू ड्रायव्हरही दिला. पुढच्या मोठ्या, सोळा इंची मॉडेलात तिने ग्राफिक्सचा भागही काढता-घालता येईल असा ठेवला, आणि २०२५ मध्ये त्याच लॅपटॉपसाठी नवा ग्राफिक्स भाग जाहीर करून दाखवला. म्हणजे हे होऊ शकते. फक्त ते स्वस्त नाही, आणि बाकीच्या कंपन्यांना ते करायची घाई नाही.

परंतु हाच आक्षेप जोडणीच्या बाजूनेही बोलतो. जो मुलगा सांगाडा निवडायला बसतो, त्याला काय बदलता येत नाही हे आधी शिकावे लागते. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव असलेली लॅपटॉपची चिप कुठे ३५ वॅटवर चालते, तर कुठे ११५ वॅटवर. नाव तेच, काम निराळे. आरटीएक्स ४०७० या नावाच्या टेबलावरच्या संगणकातल्या कार्डाला १२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या चिपला ८ जीबी. सोळा जीबी रॅमची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटा मिळतात आणि खेळ अधिक सुरळीत चालतो. तयार खोके घेणारा हे विचारत नाही, कारण त्याला विचारायची वेळच येत नाही. सांगाडा घेणाऱ्याला विचारावेच लागते. जाहिरातीतले मोठे अक्षर आणि तळाची बारीक ओळ यांतला फरक ज्याला एकदा कळला, तो उद्या विम्याचा कागद आणि गृहकर्जाचा करारही वेगळ्या नजरेने वाचेल.

राहता राहिला खेळांचा प्रश्न. आईबापांची धास्ती मी हलक्याने घेत नाही. खेळांपायी रात्री जागवणारी, अभ्यास सोडणारी मुले आपण पाहतो. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी घरे पोखरली, म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळे काढून मान्यता दिली. म्हणजे भेद करावा लागतो, आणि तो घरातही करावा लागतो. किती वेळ, कोणते खेळ, हे ठरवण्याचा हक्क आईवडिलांचा आहेच. पण मुलगा खेळाच्या ओढीने का होईना, यंत्राच्या पोटात डोकावत असेल, तर ती ओढ वाया गेली असे मी म्हणणार नाही. दिवाळीत माती आणून अंगणात किल्ला करणारी पोरे अभ्यासच बुडवत होती. आज प्लास्टरचे तयार किल्ले विकत मिळतात. ते सुबक असतात, वेळ वाचतो, हातही मळत नाहीत. तरीही त्या किल्ल्याकडे पाहून कुठल्या पोराच्या डोळ्यांत ‘हा माझा’ असा भाव दिसत नाही.

अर्थात प्रत्येकाने सांगाडा मागवावा, असे मी सुचवणार नाही. आजोबांना बँकेची कामे करायची असतील, किंवा वहिनींना उद्याच कार्यालयात यंत्र हवे असेल, तर तयार लॅपटॉप आणि घरी येणारा तंत्रज्ञ हाच योग्य मार्ग. जोडलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी असते आणि बिघाड कुठल्या भागात आहे हे आपल्यालाच शोधावे लागते. परदेशातून मागवायचे तर सीमाशुल्क येते, आणि वस्तू परत करणे जवळजवळ अशक्य. विमानाने आणताना शंभर वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विनापरवानगी चालते, त्यापुढे विमान कंपनीची संमती लागते. हौसेला मोल नसते हे खरे, पण तिला नियम असतात.

यातून मधली वाट निघते, आणि ती बहुतेक घरांच्या आवाक्यातली आहे. तयार लॅपटॉपच घ्या, पण सांगाडा घेणाऱ्याचे प्रश्न विचारून घ्या. रॅम सोल्डर केलेली आहे की खोबणीत बसवलेली? खोबण्या किती, आणि त्यांतली एक रिकामी आहे का? दुसरी एसएसडी बसवायला जागा आहे का? ग्राफिक्स चिपला किती वॅट मिळतात? बॅटरी स्क्रूने धरली आहे की गोंदाने चिकटवली आहे? रॅम वाढवण्यासाठी झाकण उघडले तर वॉरंटीचे काय, हे लेखी द्याल का? उत्तरे समाधानकारक असतील तर कमी रॅमचे मॉडेल घेऊन पुढे सवडीने वाढवता येते. आणि एकदा घेतल्यावर वर्षातून एकदा ते उघडून पंख्यात साठलेली धूळ काढावी, गादीवर ठेवून खेळू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खेळाच्या लॅपटॉपला उष्णता आणि धूळ यांच्याएवढा मोठा शत्रू नाही.

हे प्रश्न एकट्यादुकट्याने विचारून भागणार नाही, हेही खरे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर ‘दुरुस्ती किती सोपी’ याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला काढता यावी, असा नियम लागू व्हायचा आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी त्यासाठी पोर्टल सुरू केले, आणि २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही विभागाकडे आला. दिशा बरोबर आहे. पण ज्या देशात चपलेचा अंगठा सांधून घेण्यात कधी कमीपणा नव्हता, रेडिओ आणि मिक्सर वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहिले, त्या देशाला दुरुस्ती हा ‘हक्क’ म्हणून मागावा लागतो, याचा थोडा विचार आपण ग्राहकांनीही केला पाहिजे. बंद डबे आपण निमूटपणे उचलत गेलो, म्हणून ते अधिकाधिक घट्ट बंद होत गेले. काउंटरवर दहापैकी चौघांनी ‘याला खोबणी का नाही?’ असे विचारले, तर तो प्रश्न कंपनीच्या मुख्यालयापर्यंत जातो.

पावतीवर नाव आपले असले की वस्तू आपली झाली, असे कायदा मानतो. घर मानते ते थोडे निराळे. जी वस्तू आपल्याला उघडता येते, जिचे आतले आपल्याला समजते, जी अडली तर आपल्या हाताने चालती होते, तिच्यावरच खरी मालकी सांगावी. घरातला मुलगा किंवा मुलगी स्क्रू ड्रायव्हर मागत असेल, तर दोन प्रश्न जरूर विचारा, हिशेबाची वही समोर ठेवा, आणि मग तो त्यांच्या हाती द्या.